मार्क ट्वेनची अभ्यासकेंद्रे प्रत्यक्षात चालवते कोण? (गावच्या समितीसाठी माहिती हवी आहे)

खान्देशी वाचक
नमस्कार. आमच्या तालुक्याच्या गावी एका दिवंगत मराठी लेखकाच्या नावाने अभ्यासकेंद्र काढण्याचे घाटत आहे. लेखकाचे नाव मुद्दामच देत नाही, कारण घरच्या मंडळींशी अजून बोलणी पुरी झालेली नाहीत. पत्र्याच्या तीन ट्रंका आणि एक लोखंडी कपाट भरून कागद आहेत, आणि वाचनालयाच्या माडीवरची एक खोली आम्हाला मिळाली आहे. समितीत आम्ही नऊ जण आहोत. आतापर्यंत चार बैठका झाल्या आणि चारही बैठकांत अर्धपुतळा ब्राँझचा असावा की फायबरचा, कोनशिलेवर कोणाकोणाची नावे यावीत आणि उद्घाटनाला कोणाला बोलवावे, एवढ्याच विषयांची चर्चा झाली. ट्रंका अद्याप कोणी उघडलेल्या नाहीत.

मी स्वतः मार्क ट्वेनचा जुना वाचक आहे. १८९६ च्या जानेवारीत तो मुंबईला उतरला, वॉटसन हॉटेलात राहिला आणि तेथल्या कावळ्यांवर त्याने जे काही लिहिले, ते वाचल्यापासून त्याच्या मुंबईतील मुक्कामावर एक लेख लिहावा असे मनात आहे. त्या निमित्ताने शोध घेताना लक्षात आले की अमेरिकेत त्याच्या नावाची दोन मोठी केंद्रे आहेत, एक कॅलिफोर्नियात बर्कली येथे आणि दुसरे न्यूयॉर्क राज्यात एल्मायरा येथे. इमारतींची छायाचित्रे भरपूर सापडतात. मला मात्र माणसांविषयी विचारायचे आहे. तेथे रोज सकाळी कुलूप उघडून आत कोण बसते? ते प्राध्यापक असतात, ग्रंथपाल असतात, की लेखकाचे नातेवाईक? पगार कोठून येतो? आणि दिवसभर ते नेमके करतात काय? येथील सभासदांपैकी कोणी ही केंद्रे जवळून पाहिली असतील तर कृपया सविस्तर लिहावे. पुढच्या बैठकीत वाचून दाखवीन म्हणतो.

बर्कलीचा वाटसरू
मी बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या जवळ बरीच वर्षे राहतो आणि ट्वेनचे केंद्र जेथे आहे त्या विद्यापीठाच्या बँक्रॉफ्ट ग्रंथालयात वाचक म्हणून जात असतो. तेथे नोकरीला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

बर्कलीच्या केंद्राला ‘केंद्र’ म्हणण्यापेक्षा ‘दफ्तर’ म्हणणे अधिक योग्य ठरेल, कारण सारा कारभार ट्वेनच्या खासगी कागदांभोवती उभा राहिलेला आहे. सुमारे ५० टिपणवह्या, अपुरी राहिलेली हस्तलिखिते, हिशेब, कात्रणे आणि पत्रे असे त्या कागदांचे स्वरूप आहे. त्याने लिहिलेली ११,००० च्या आसपास पत्रे आजवर ठाऊक झाली आहेत. ती जगभर विखुरलेली आहेत आणि त्यांच्या प्रती येथे जमवल्या जातात. हे कागद सांभाळणे आणि त्यांच्या आधारे ट्वेनच्या लेखनाची चिकित्सित आवृत्ती, म्हणजे सर्व प्रती ताडून शुद्ध पाठ ठरवलेली आवृत्ती, काढणे ही येथील माणसांची कामे. आपल्याकडे भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारतासाठी जे केले, त्याच कुळातले हे काम आहे. फरक इतकाच की येथे पोथ्यांऐवजी लेखकाच्या हातचा मजकूर, टंकलिखित प्रत, मुद्रिते आणि निरनिराळ्या छापील आवृत्त्या एकमेकींशी ताडून पाहायच्या असतात.

आता माणसांकडे येतो, कारण तुमचा प्रश्न तोच आहे आणि या दफ्तराचा इतिहास म्हणजे खरोखरच एकामागून एक आलेल्या संपादकांचा इतिहास आहे. पहिले आल्बर्ट बिगेलो पेन. १९०६ च्या जानेवारीत त्यांनी ट्वेनकडे चरित्र लिहिण्याची परवानगी मागितली आणि थोड्याच दिवसांत ते त्या घरातलेच एक झाले. १९१० साली ट्वेन वारल्यावर कागदांचा ताबा व्यवहारतः त्यांच्याकडे आला आणि १९३७ साली स्वतः मरेपर्यंत तो त्यांच्याकडेच राहिला. माणूस कष्टाळू होता. १९१२ साली त्यांनी तीन खंडांचे चरित्र काढले आणि पुढे पत्रे, आत्मचरित्राचा काही भाग, टिपणवहीतील उतारे हेही छापले. परंतु दुसऱ्या कोणी ट्वेनवर लिहू नये, ही त्यांची इच्छाही तितकीच प्रबळ होती. त्याहून गंभीर बाब पुढे उघडकीला आली. ‘द मिस्टीरियस स्ट्रेंजर’ या नावाने १९१६ साली जे पुस्तक ट्वेनची अखेरची कथा म्हणून छापले गेले, ते पेन आणि प्रकाशनसंस्थेचे डनेका यांनी निरनिराळ्या अपुऱ्या हस्तलिखितांची जुळणी करून, मजकूर गाळून आणि एक ज्योतिषी स्वतःच्या पदरचा घालून तयार केले होते. जॉन टकी या अभ्यासकाने १९६३ साली हस्तलिखिते तपासून हे दाखवून दिले आणि मूळ हस्तलिखिते जशीच्या तशी १९६९ साली छापली गेली. म्हणजे निदान दोन पिढ्यांनी ट्वेनचे म्हणून जे वाचले, ते संपादकाने रचलेले होते. (तुमच्या समितीत ‘अपुरी कादंबरी आपणच पुरी करून छापू’ असे कोणी म्हणत असेल, तर ही गोष्ट त्यांना अवश्य ऐकवा.)

पेन यांच्यानंतर बर्नार्ड डव्होटो आले, मग १९४६ साली डिक्सन वेक्टर. गंमत अशी की त्या काळात कागद एका जागी नव्हते, ते संपादकाच्या मागोमाग फिरत असत. डव्होटो यांच्या वेळी ते हार्वर्डला होते, वेक्टर यांच्याबरोबर ते दक्षिण कॅलिफोर्नियातील हंटिंग्टन ग्रंथालयात गेले आणि १९४९ साली वेक्टर बर्कलीला प्राध्यापक झाले तेव्हा कागदही बर्कलीला आले. पुढच्याच वर्षी, वयाच्या ४४ व्या वर्षी, वेक्टर अचानक वारले. कागद मात्र तेथेच राहिले, कारण ट्वेनची मुलगी क्लॅरा हिने ते मृत्युपत्राने कॅलिफोर्निया विद्यापीठाला देण्याचे कबूल केले होते. त्यानंतर हेन्री नॅश स्मिथ, फ्रेडरिक अँडरसन आणि १९८० पासून रॉबर्ट हर्स्ट असा क्रम लागतो. हर्स्ट १९६० च्या दशकात पदव्युत्तर विद्यार्थी असताना मजकूर ताडून पाहण्याच्या किरकोळ कामावर येथे लागले आणि पुढे चार दशकांहून अधिक काळ प्रमुख संपादक राहिले. व्हिक्टर फिशर, लिन सालामो, हॅरिएट एलिनॉर स्मिथ ही त्यांच्या बरोबरीची माणसेही अशीच वर्षानुवर्षे एका टेबलापाशी टिकली. वर्गात शिकवणे हे यांचे मुख्य काम नव्हे. त्यांच्या हुद्द्याचे नाव ‘संपादक’ असे आहे आणि आपल्या विद्यापीठांत असा हुद्दाच जवळपास नसतो, ही माझ्या मते तुमच्या समितीने सर्वांत आधी लक्षात घ्यायची गोष्ट आहे.

दिवसभर काय करतात, याचे एक उदाहरण देतो. ‘हकलबरी फिन’च्या हस्तलिखिताचा उत्तरार्ध बफेलोच्या ग्रंथालयात पूर्वीपासून होता आणि पूर्वार्ध हरवला असे सारे धरून चालले होते. बर्कलीच्या मंडळींनी उपलब्ध पुराव्यावर अनेक वर्षे खपून १९८८ साली चिकित्सित आवृत्ती काढली. दोनच वर्षांनी लॉस एंजेलिसमधील एका घराच्या माळ्यावरच्या ट्रंकेत पूर्वार्धाची ६६५ पाने सापडली. ट्वेनकडून हस्तलिखित मागून घेणाऱ्या बफेलोच्या वकिलाच्या नातींकडे ती ट्रंक वारशाने आली होती. मग काय, फिशर आणि सालामो पुन्हा पहिल्या पानापासून बसले आणि २००३ साली नवी आवृत्ती निघाली. तुमच्याकडेही ट्रंकाच आहेत, म्हणून हे आठवले.

पैशाविषयी थोडक्यात लिहितो. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून केंद्र सरकारच्या मानव्यविद्या निधीचे अनुदान मिळत आले आहे, परंतु ते मुदतीचे असते आणि पुनःपुन्हा अर्ज करावा लागतो. शिवाय त्यातील काही भाग तितक्याच खासगी देणग्या जमवल्या तरच हाती पडतो. म्हणून प्रमुख संपादकाचा बराच वेळ देणगीदारांना पत्रे लिहिण्यात जातो. विद्यापीठाच्या १९५८ च्या तुकडीतील माजी विद्यार्थ्यांनी या प्रकल्पासाठी मोठा निधी उभा केला, हे येथे आवर्जून सांगतात. २०१० साली आत्मचरित्राचा पहिला खंड आला, तेव्हा विद्यापीठाच्या मुद्रणालयाने काही हजार प्रतींची तयारी ठेवली होती आणि काही आठवड्यांत दोन लाखांहून अधिक प्रती छापाव्या लागल्या. असे भाग्य एकदाच येते. त्यावर अंदाजपत्रक बांधता येत नाही.

हिमरेषा
वरील प्रतिसाद उत्तम आहे. मी एल्मायराविषयी लिहिते, कारण माझे सासर त्या गावापासून मोटारीने तासाभराच्या अंतरावर आहे आणि तेथील व्याख्यानांना मी अनेकदा गेले आहे.

एल्मायरा हे ट्वेनच्या पत्नीचे, ऑलिव्हिया लँग्डन हिचे माहेर. ऑलिव्हियाची बहीण सुझन क्रेन गावाबाहेरच्या टेकडीवर, क्वारी फार्म नावाच्या शेतघरात राहत असे, आणि ट्वेन कुटुंबाने वीसेक वर्षे आपले उन्हाळे तेथेच काढले. थोडक्यात, जावई दर उन्हाळ्यात सासुरवाडीला येऊन लिहीत असे. १८७४ साली सुझनने त्याच्यासाठी घरापासून थोड्या अंतरावर एक अष्टकोनी खोली बांधून दिली. प्रत्येक बाजूला खिडकी, मधोमध टेबल, खाली सारे खोरे दिसते आहे, अशा त्या खोलीत ‘टॉम सॉयर’ आणि ‘हकलबरी फिन’चा मोठा भाग लिहिला गेला. ती खोली १९५२ साली टेकडीवरून उचलून एल्मायरा महाविद्यालयाच्या आवारात आणून ठेवली आहे. उन्हाळ्यात तेथे महाविद्यालयाचेच विद्यार्थी पाहुण्यांना माहिती सांगतात. ती मुले तयार केलेली असतात, पाठ केलेले बोलत नाहीत, हे मी मुद्दाम नमूद करते.

घराची गोष्ट वेगळी आहे आणि तुमच्या समितीला अधिक उपयोगी पडेल. १९८२ च्या अखेरीस ऑलिव्हियाच्या भावाचे नातू जर्व्हिस लँग्डन यांनी क्वारी फार्म महाविद्यालयाला दिले. गृहस्थ रेल्वे कंपन्यांचे अध्यक्ष राहिलेले, म्हणजे व्यवहार जाणणारे होते. घराचे संग्रहालय करायचे नाही, ट्वेनवर काम करणाऱ्या अभ्यासकांना राहण्यासाठी ते वापरायचे, अशी देण्यामागची अट होती. पुढच्याच वर्षी केंद्र सुरू झाले. आजही क्वारी फार्म तिकीट काढून पाहता येत नाही. निवड झालेला अभ्यासक तेथे काही दिवस किंवा काही आठवडे राहतो, ट्वेन ज्या व्हरांड्यात बसून घरच्यांना लिहिलेले वाचून दाखवीत असे त्याच व्हरांड्यात बसतो, स्वयंपाक स्वतः करतो आणि आपले प्रकरण लिहून परत जातो.

हे केंद्र चालवणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. एक संचालक असतो; बार्बरा स्नेडेकर, जोसेफ लेमॅक यांनी ते काम पाहिले आहे. एक निवासी अभ्यासक असतो. मॅट सायबोल्ड यांच्याकडे ते पद आहे आणि ते महाविद्यालयात शिकवतातही. महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील दफ्तरपाल असतात, आणि घराची देखभाल करणारा माणूस असतो, ज्याचे नाव कोणत्याही शोधनिबंधात येत नाही परंतु थंडीत नळ गोठले की सर्वांना त्याचीच आठवण होते. यांच्याकडे बर्कलीइतके कागद नाहीत, त्यामुळे आवृत्ती काढण्याच्या फंदात ते पडत नाहीत. माणसे एकत्र आणणे हा त्यांचा व्यवसाय आहे. १९८९ पासून दर चार वर्षांनी, अधूनमधून एखादा खंड सोडता, ट्वेनच्या अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय परिषद तेथे भरते. शिवाय गावकऱ्यांसाठी विनामूल्य व्याख्यानमाला असते. तिचे नाव ट्वेनच्याच १८६६ च्या एका जाहिरातीवरून घेतले आहे. दरवाजे सात वाजता उघडतील आणि गोंधळ आठ वाजता सुरू होईल, असे त्याने सॅन फ्रान्सिस्कोतील आपल्या व्याख्यानाच्या जाहिरातीत छापले होते. व्याख्यानाला शेतकरी, परिचारिका, निवृत्त शिक्षक असे सारे येतात, आणि प्रश्न विचारण्यात ते प्राध्यापकांपेक्षा धीट असतात.

माझे मत विचाराल तर तुमच्या गावाला एल्मायराचा नमुना अधिक झेपेल.

वाळवी
मी पुण्यात एका ग्रंथालयात ३१ वर्षे तालिकाकार म्हणून काम करून निवृत्त झालो. टोपणनाव त्याच काळातील शत्रूच्या स्मरणार्थ घेतले आहे.

हिमरेषा यांच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. एल्मायराला बर्कलीची गरज आहे; क्वारी फार्मच्या व्हरांड्यात बसणारा अभ्यासक जी पत्रे उद्धृत करतो, ती कोणीतरी आधी वाचून, तारीख लावून, छापून ठेवलेली असतात. खान्देशी वाचक यांच्या लेखकाच्या बाबतीत हे काम झालेलेच नाही. मग परिषदेत येणारे लोक बोलणार कशावर? त्याच त्या दहा गाजलेल्या कथांवर आणि ‘माणूस म्हणून ते कसे होते’ या आठवणींवर. अशा परिषदा मी पुष्कळ पाहिल्या आहेत, चहा चांगला असतो.

तथापि बर्कलीच्या कामाचीही एक थट्टा झालेली आहे, ती येथे सांगणे न्याय्य होईल. १९६८ साली एडमंड विल्सन या मोठ्या समीक्षकाने अशा चिकित्सित आवृत्त्यांवर कडाडून हल्ला चढवला. ट्वेनच्या प्रकल्पावरचे १८ लोक ‘टॉम सॉयर’ शब्दागणिक उलटे वाचीत बसले आहेत, म्हणजे गोष्टीत मन गुंतू नये आणि ‘आँट पॉली’ किती ठिकाणी मोठ्या अक्षराने व किती ठिकाणी लहान अक्षराने छापले आहे ते मोजता यावे, असे त्याने लिहिले. लोकांनी हा विनोद फार उचलून धरला. विल्सनचे म्हणणे असे होते की सामान्य वाचकाला परवडेल, हातात धरता येईल अशी सुबक प्रत हवी. तळटिपांचे ओझे नको. त्यात तथ्य आहे. पण मुद्रितशोधन उलट दिशेने करणे ही छापखान्यातील जुनी आणि अत्यंत उपयुक्त रीत आहे, हे ज्याने कधी मुद्रिते तपासली आहेत तो जाणतो. विल्सनने बहुधा ती कधी तपासली नसावीत.

आपल्याकडील उदाहरण वाटसरू यांनी दिलेच आहे. महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम १९१९ साली सुरू झाले. १९२५ मध्ये सुकथनकर प्रमुख संपादक झाले, १९४३ मध्ये ते गेले, मग बेलवलकर, मग वैद्य, आणि १९६६ साली ग्रंथ पुरा झाला. संपादक बदलला तरी नियम बदलले नाहीत, कारण सुकथनकरांनी आदिपर्वाच्या प्रस्तावनेत ते लिहून ठेवले होते. पेन यांनी असे काही लिहून ठेवले नाही, आणि पुढच्या साऱ्या संपादकांचा कितीतरी वेळ त्यांनी काय केले असावे हे शोधण्यात गेला. कागदावर पेनची पेन्सिल कोणती आणि ट्वेनची कोणती, येथपासून सुरुवात.

तेव्हा माझी सूचना कोरडी आहे. अर्धपुतळ्याचा विषय बाजूला ठेवावा, एक दाखल नोंदवही आणावी, आणि प्रत्येक कागदाला पेन्सिलीने क्रमांक घालावा. शाईने नव्हे.

खान्देशी वाचक
तिघांचेही मनःपूर्वक आभार. बैठकीत सारे वाचून दाखवले. औषधांचे दुकान असलेले आमचे सभासद म्हणाले की दाखल नोंदवही त्यांच्याकडे शिल्लक आहे, एवढी एक गोष्ट तत्काळ पार पडली. अर्धपुतळ्याचा विषय ‘तूर्त स्थगित’ असा इतिवृत्तात लिहिला आहे.

आता खरी अडचण सांगतो. लेखकाच्या कन्या कागद द्यायला तयार आहेत, पण काही पत्रे घरातल्या गोष्टींविषयी आहेत, ती आपण आधी वाचणार आणि नको ती काढून टाकणार, असे त्या म्हणतात. त्यांना दुखवायचे नाही आणि कागदही गमवायचे नाहीत. ट्वेनच्या घरच्यांशी त्या संपादकांनी कसे निभावले?

बर्कलीचा वाटसरू
हा प्रश्न त्यांनाही सुटला नव्हता, निदान ती बाई हयात असेपर्यंत. क्लॅरा ही ट्वेनच्या तीन मुलींपैकी मागे उरलेली एकटी. सुझी १८९६ साली गेली, तेव्हा ट्वेन जगप्रवास आटोपून नुकताच इंग्लंडला पोचला होता. धाकटी जीन १९०९ साली गेली. वडिलांची जी प्रतिमा लोकांच्या मनात आहे तिला धक्का लागू नये, असे क्लॅराला वाटणे स्वाभाविक होते, आणि पेन तिच्या बाजूने होते. डव्होटो यांनी १९३९ साली ट्वेनच्या धर्मविषयक उपरोधिक लेखनाचे एक पुस्तक छपाईसाठी तयार केले, ‘लेटर्स फ्रॉम द अर्थ’. क्लॅराने संमती नाकारली. २३ वर्षांनी, १९६२ साली, तिने ती दिली आणि पुस्तक निघाले. डव्होटो तोवर वारले होते आणि क्लॅराही त्याच वर्षाच्या अखेरीस वारली.

पण लक्षात घ्या, तिने छापू दिले नाही तरी कागद जाळले नाहीत. तेवढ्यामुळे पुढचे सारे शक्य झाले. तेव्हा तुमच्या लेखकाच्या कन्येला ‘काढून टाकू नका, बंद करून ठेवा’ असे सुचवता येईल. हवी ती पत्रे पाकिटात घालून, मोहर लावून, त्यांनी सांगितलेल्या वर्षापर्यंत उघडायची नाहीत असे दानपत्रात लिहून द्यावे. स्वतः ट्वेननेच हा मार्ग दाखवला आहे. आत्मचरित्र आपल्या मृत्यूनंतर १०० वर्षांनी पूर्ण छापावे, म्हणजे आपल्याला मोकळेपणाने बोलता येईल, अशी त्याची भूमिका होती. मधल्या काळात पेन, डव्होटो आणि चार्ल्स नायडर या तिघांनी आपापल्या पसंतीचे भाग आपापल्या क्रमाने छापले, ही गोष्ट अलाहिदा. बर्कलीच्या हॅरिएट स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टंकलिखितांचे ढीग लावून पाहिले, तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की ट्वेनने १९०६ साली क्रम आणि आराखडा स्वतः ठरवून ठेवला होता आणि तो कोणी नीट पाहिलाच नव्हता.

हिमरेषा
यात एक पुस्ती जोडते. दानपत्रात कागदाची मालकी आणि मजकुराचा स्वामित्वहक्क या दोन गोष्टी स्वतंत्रपणे लिहून घ्याव्यात. ट्रंक तुमची झाली म्हणजे आतली कविता छापण्याचा हक्क तुमचा झाला असे होत नाही. तुमच्या समितीत वकील असतील तर त्यांना हे काम द्या. तेवढ्याने ते कोनशिलेपासूनही दूर राहतील.

आणि वाळवी यांच्या आक्षेपाचा अर्धा भाग मला मान्य आहे. मात्र इमारतीच्या मोहाविषयी आणखी एक उदाहरण त्यांच्याच बाजूने देते. हार्टफर्ड येथे ट्वेनचे राहते घर आहे, फारच देखणे. त्याच्या शेजारी २००३ साली पाहुण्यांसाठी भव्य नवी वास्तू उभारली गेली आणि तिच्या खर्चाने ती संस्था इतकी वाकली की २००८ साली दारे बंद करण्याची वेळ आली होती. लेखक मंडळींनी निधीसाठी कार्यक्रम केले, देणग्या आल्या, आणि संस्था तरली. स्वतः ट्वेनही छपाईच्या खिळे जुळवणाऱ्या एका यंत्रात पैसा घालून असाच बुडाला होता आणि ते कर्ज फेडण्यासाठी निघालेल्या व्याख्यानदौऱ्यातच मुंबईला आला, हे तुम्हाला सांगायला नकोच.

खान्देशी वाचक
वकीलसाहेबांना दानपत्राचा मसुदा करायला सांगितले आहे. मोहरबंद पाकिटांची कल्पना लेखकाच्या कन्येला पसंत पडली. ३० वर्षे म्हणाल्या.

माझ्या मुंबईच्या लेखाविषयी एक उपप्रश्न विचारून घेतो. ट्वेनच्या भारतप्रवासाच्या टिपणवह्या बर्कलीच्या छापील खंडांत मिळतील का?

बर्कलीचा वाटसरू
नाही. टिपणवह्यांचे तीन खंड १९७० च्या दशकात निघाले आणि ते १८९१ पर्यंत येऊन थांबले. तुम्हाला हव्या त्या वह्या त्यानंतरच्या आहेत, त्यासाठी बँक्रॉफ्टमध्येच विचारणा करावी लागेल. ‘फॉलोइंग द इक्वेटर’ या त्या दौऱ्यावरच्या प्रवासवर्णनाचे हस्तलिखित आणखी वेगळ्या ठिकाणी, न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयातील बर्ग संग्रहात आहे. आणि तुमच्याकडची प्रत अमेरिकन आहे की इंग्लिश, तेही पाहून घ्या. इंग्लंडमध्ये हे पुस्तक ‘मोअर ट्रॅम्प्स ॲब्रॉड’ या वेगळ्या नावाने छापले गेले आणि दोन्हींचा मजकूर जागोजागी वेगळा आहे. केवळ एका प्रतीवर विसंबून ‘ट्वेन मुंबईविषयी असे म्हणाला नाही’ असे विधान करू नये. पत्र पाठवताना वहीतील नेमक्या तारखा कळवा, म्हणजे १८ जानेवारी १८९६ पासून पुढे, अशा स्वरूपात. ‘भारताविषयी जे असेल ते पाठवा’ या विनंतीला कोणताही दफ्तरपाल वैतागतो.

खान्देशी वाचक
आभारी आहे. काल पहिली ट्रंक उघडली. वाळवी यांना विचारायचे आहे. सर्वांत वर एक विजेचे बिल निघाले, मागे पेन्सिलीने सात ओळी लिहिलेल्या आहेत. हे ‘घरगुती कागद’ या सदरात नोंदवायचे की ‘हस्तलिखिते’ या सदरात?

वाळवी
कागद एक, म्हणून क्रमांक एकच. हस्तलिखितांत घाला, शेऱ्यात ‘पाठीमागे विजेचे बिल’ असे लिहा आणि बिलाचा महिना व वर्ष अवश्य नोंदवा. त्या सात ओळी कधीच्या, याचा दुसरा पुरावा तुमच्याकडे बहुधा नसेल. टाचणी लावलेली असेल तर काढून ठेवा, गंज धरतो. आणि त्या ट्रंकेत बिलाच्या खाली काय होते, तेही क्रमाने लिहून ठेवा. कागद ज्या क्रमाने ठेवलेले सापडतात तो क्रम एकदा मोडला की परत लागत नाही.

खान्देशी वाचक
बिल मार्च १९७४ चे आहे. खाली काय होते ते पाहून उद्या लिहितो; आज समितीतील दोघांनी ट्रंकेतील सारे कागद ‘नीट लावून’ ठेवले आहेत, त्यांना मूळ क्रम आठवतो का ते आधी विचारावे लागेल.